विश्लेषण : घरातील अर्धपारदर्शक पॅनेल खरोखर ‘इको-फ्रेंडली’ असते का?

कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठेसारख्या भागांत जुनी घरे पाडून नवी बांधली जातात, पण प्लॉट तोच राहतो. रुंदीला कमी, खोलीला जास्त आणि दोन्ही अंगांना शेजाऱ्याची भिंत. उजेड येणार तो समोरून किंवा मागच्या बोळातून. मधल्या खोलीत भरदुपारी ट्यूब लावावी लागते. अशा घरांसाठी इंटिरियर करणारे हल्ली विटांच्या पार्टिशनऐवजी अर्धपारदर्शक पॅनेल सुचवतात. पॅनेलमधून उजेड येतो, पण पलीकडचे माणूस स्पष्ट दिसत नाही. आत सुकी पाने, गवत किंवा कापड बसवलेली नक्षीदार शीट ‘इको-फ्रेंडली’ म्हणून दाखवली जाते आणि या एका शब्दाचे वेगळे पैसे लागतात.

कल्पना नवी आहे का?

अजिबात नाही. कौलारू घरात चुलीच्या वर एखादे काचेचे कौल बसवलेले असे. न्यू पॅलेस १८८४ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या दरबार हॉलमधील रंगीत काचांवर शिवचरित्रातील प्रसंग आहेत आणि बाहेरच्या उन्हावरच ती चित्रे उजळतात. गोव्यात काच दुर्मीळ होती तेव्हा खिडक्यांच्या लाकडी चौकटीत पातळ, चपटे शिंपले बसवत. दुधाळ उजेड देणारी ती तावदाने जुन्या घरांत आजही दिसतात.

मात्र या शिंपल्यांची गोष्ट इथेच संपत नाही. ‘प्लाक्युना प्लॅसेंटा’ हा तो जीव २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे. समुद्रातून तो काढणे गुन्हा आहे. त्यामुळे कोणी ‘अस्सल शिंपल्यांचे नैसर्गिक पॅनेल’ देऊ केले, तर माल कुठला, हे आधी विचारावे. वस्तू नैसर्गिक आहे म्हणून ती निसर्गाला सोसवते असे नाही.

मग आत पाने असलेल्या शीटचे काय?

या शीट बहुधा पीईटीजी किंवा ॲक्रिलिकच्या असतात. पीईटीजी हे पाण्याच्या बाटलीच्या प्लास्टिकच्याच कुळातले. नुसती शीट वितळवून पुन्हा वापरता येते. पण दोन थरांमध्ये पाने किंवा कापड दाबले की हे मिश्रण वेगळे करणे अवघड होते आणि भंगारवालाही ते घेत नाही. इपॉक्सी रेझिन ओतून केलेले पॅनेल तर एकदा घट्ट झाले की वितळतच नाही. म्हणजे ज्या पानामुळे शीट ‘हिरवी’ ठरते, त्याच पानामुळे तिचा पुनर्वापर अडतो!

साधी काच कितीही वेळा वितळवता येते. मात्र ती बनवणारी भट्टी सुमारे दीड हजार अंश सेल्सिअसला चालते, त्यामुळे नवी काचही फुकटात हिरवी होत नाही. सर्वांत सरस म्हणजे पाडकामातून निघालेल्या जुन्या दारे-खिडक्यांच्या काचा. सुताराकडून त्या नव्या चौकटीत बसवून घेता येतात. थोडे डाग, थोडी लहर असलेल्या त्या काचा दिसायलाही बऱ्या दिसतात.

वीज किती वाचते?

२० वॅटची एलईडी ट्यूब रोज आठ तास जळत असेल, तर वर्षाला सुमारे ५८ युनिट होतात. बचत मोठी नाही आणि तीही पॅनेलमागे खरा दिवसाचा उजेड असेल तरच. देवघरामागे एलईडी पट्टी लावून उजळवलेले पॅनेल विजेची बचत करत नाही, खर्चच वाढवते. ते सुंदर दिसते म्हणून जरूर लावावे, पण त्याला पर्यावरणाचे लेबल नको.

पॅनेल बसवण्यापूर्वी एक दिवस खोलीतले सगळे दिवे बंद करून दुपारी बारा वाजता आणि चार वाजता उजेड कुठून येतो ते पाहावे. उत्तरेकडचा किंवा चौकातला उजेड उत्तम. पश्चिमेच्या भिंतीत मोठे पॅनेल घेतल्यास एप्रिल-मेमध्ये उजेडाबरोबर उष्णताही आत येईल आणि वाचलेली वीज पंख्यात जाईल. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही: रात्री आत दिवा लागला की पॅनेलवर माणसाची सावली उमटते. झोपण्याच्या खोलीत म्हणूनच पॅनेल डोक्याच्या वरच्या उंचीवर बरे.

कोल्हापूरच्या पावसात टिकेल का?

बाहेरच्या बाजूला पॉलिकार्बोनेट लावायचे तर अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा थर असलेली शीटच घ्यावी आणि तो थर उन्हाकडे येईल असे बसवून घ्यावे. उलटी बसली की ती लवकर पिवळी पडते. गॅसच्या शेगडीजवळ ॲक्रिलिक नको. ते पेट घेते.

शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरसारख्या भागांत २०१९ आणि २०२१ च्या महापुराचे पाणी शिरले होते. तिथे तळमजल्यावर एमडीएफची चौकट, बांबूची जाळी किंवा हातकागदाचे पॅनेल एका पुरातच निकामी होईल. ॲल्युमिनियम सेक्शनमध्ये स्क्रूने बसवलेली काच मात्र पाणी ओसरल्यावर धुऊन पुन्हा वापरता येते. पूर येण्याआधी काढून वरच्या मजल्यावर नेता यावी, यासाठी फॅब्रिकेटरला ती सिलिकॉनने कायमची चिकटवू नये, असे काम सुरू होण्याआधीच सांगावे.