आभार नेमके कुणाचे? : मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय

मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा निकाल कळायला फार थांबावे लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सुटते, सिस्टर समोर बोटे धरून ‘किती?’ विचारते आणि काल भिंत चाचपत आलेला म्हातारा ‘तीन’ म्हणतो. बायपास झालेल्याला आपले हृदय सुधारल्याचे डॉक्टरांकडून कळते; इथे पेशंटच डॉक्टरला सांगतो. म्हणून डोळ्याच्या डॉक्टरच्या वाट्याला येणारी कृतज्ञता रोकडी असते. आपल्याकडे गावाकडचा पेशंट शेंगांची पिशवी नाहीतर घरचे तांदूळ घेऊन येतो आणि डॉक्टर ‘अहो, नको’ म्हणेपर्यंत पाया पडून मोकळाही होतो.

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात मात्र या कृतज्ञतेची पंचाईत होते. पाया पडायचे ते कुणाच्या? तपासले एकाने, डोळा बधिर केला दुसऱ्याने, ऑपरेशन केले तिसऱ्याने, आणि तोही मास्कमागे, काही मिनिटांपुरता.

ही व्यवस्था ज्यांनी उभारली, ते डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी. सगळे त्यांना ‘डॉ. व्ही’ म्हणत. जन्म 1918, तामिळनाडूतल्या वडमलापुरम या खेड्यात. व्हायचे होते बाळंतपणाचे डॉक्टर. लष्कराच्या वैद्यकीय सेवेत असताना संधिवाताने गाठले, दीर्घकाळ अंथरुणाला खिळवले आणि हातापायांची बोटे कायमची वाकडी केली. त्या बोटांनी बाळंतपणे करणे अशक्य होते. मग ते नेत्रशल्यचिकित्सेकडे वळले, म्हणजे वरवर पाहता त्याहून नाजूक कामाकडे! शस्त्रे आपल्या हाताला बसतील अशी करून घेतली, धरायची पद्धत नव्याने शिकले, आणि पुढे त्याच हातांनी एक लाखाहून अधिक ऑपरेशने केली.

1976 साली, वयाच्या 58व्या वर्षी, सरकारी नोकरीतून ते निवृत्त झाले. मदुराईतल्या एका घरात 11 खाटांचा दवाखाना निघाला: सहा पैसे देणाऱ्यांसाठी, पाच न देऊ शकणाऱ्यांसाठी. पुढच्या बांधकामासाठी घर गहाण पडले, दागिने पडले. बहीण डॉ. नाचियार, मेहुणे डॉ. नमपेरुमाळसामी, भाऊ श्रीनिवासन असे अख्खे कुटुंब कामाला जुंपले गेले. डॉ. व्हींनी लग्न केले नाही, रुग्णालयाकडून पगारही घेतला नाही. सरकारी पेन्शनवर भागवले. नाव अरविंद, कारण श्रद्धा योगी अरविंदांवर. आणि कामाच्या पद्धतीसाठी कौतुक कुणाचे, तर मॅकडोनाल्ड्सचे! कुठल्याही गावात, कुणाच्याही हातून, तोच पदार्थ तसाच कसा बनतो, हे त्यांना शिकायचे होते.

ते काय शिकले हे थिएटरमध्ये दिसते. शेजारी-शेजारी दोन टेबले, मध्ये एक मायक्रोस्कोप. एका टेबलावर ऑपरेशन चालू असताना दुसऱ्यावरचा पेशंट तयार होत असतो. बुबुळाच्या वर, डोळ्याच्या पांढऱ्या भागात सहा-सात मिलिमीटरचा तिरका छेद जातो. पिकून तपकिरी झालेला मोतीबिंदू त्यातून अख्खा बाहेर येतो, जागी लेन्स बसते. छेदाचा आकारच असा, की तो आपोआप मिटतो. टाका सहसा लागत नाही. सर्जन मायक्रोस्कोप दुसऱ्या टेबलाकडे फिरवतो. इथला एक सर्जन वर्षाला दोन हजारांच्या आसपास ऑपरेशने करतो, त्याचे रहस्य या फिरवण्यात आहे. खरे तर सिस्टरांमध्ये आहे. खेड्यापाड्यांतल्या बारावी झालेल्या मुलींना दोन वर्षे शिकवून तयार केले जाते. नजर तपासणे, औषध घालणे, शस्त्रे मांडणे, समजूत घालणे, सगळे त्यांचे. बाहेरून येणारे पाहुणे संस्थापकांवर लिहितात, या मुलींवर कमी लिहितात.

इतकी घाई जोखमीची नाही का? रास्त शंका आहे. ऑपरेशनच्या शेवटी डोळ्यातच मॉक्सिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सोडायला सुरुवात केल्यावर काय फरक पडला, हे सहा लाखांहून अधिक डोळ्यांच्या नोंदींवरून अरविंदने तपासले. डोळ्याच्या आतल्या गंभीर संसर्गाचे प्रमाण 0.07 टक्क्यांवरून 0.02 टक्क्यांवर आले होते.

लेन्सची गोष्ट वेगळी. पूर्वी मोतीबिंदू काढला, की सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा नशिबी येई. तो फुटला किंवा हरवला की पुन्हा अंधार. डोळ्यात बसवायची लेन्स होती, पण आयात केलेली, शंभर डॉलर आणि वर. ती गरिबाला कशी परवडणार? 1992 मध्ये संस्थेने ऑरोलॅब काढून ती मदुराईतच बनवायला घेतली आणि किंमत दहा डॉलरच्या आसपास आणली. आता त्या लेन्स शंभराहून अधिक देशांत जातात.

पैशांचा हिशेब सरळ आहे. फुकट उपचारांच्या इमारतीत जायचे की पैसे देऊन उपचार घ्यायचे, हे पेशंटने ठरवायचे. उत्पन्नाचा दाखला कुणी मागत नाही. फुकटवाल्याला चटईवर झोपावे लागते, पैसेवाल्याला खोली मिळते. डॉक्टर दोन्हीकडे आलटून-पालटून तेच असतात. पैसे देणाऱ्यांच्या शुल्कातून बाकीच्यांचा खर्च भागतो.

तरीही सुरुवातीला गावोगावच्या नेत्रतपासणी शिबिरात ‘ऑपरेशन फुकट’ सांगूनही अनेक जण येत नसत. बसभाडे कोण देणार, तिथे खायचे काय, सोबत येणाऱ्याची मजुरी बुडेल त्याचे काय? मग संस्थेने बसही दिली, जेवणही दिले. एका गावचे लोक एकाच बसने जातात आणि एकत्र परततात. आभाराचा प्रश्न तिथे थोडाफार सुटतो: दिसू लागलेला माणूस मदुराईत कुणाचे पाय धरत बसत नाही, पुढच्या शिबिराला शेजारणीला घेऊन येतो. जाहिरातीपेक्षा हे कामाचे. अर्थात त्यालाही मर्यादा आहे. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले, की डोळ्यांचा त्रास असलेल्यांपैकी जेमतेम सात टक्केच शिबिरापर्यंत पोचतात. म्हणून गावांजवळ छोटी दृष्टी केंद्रे निघाली. तिथे तंत्रज्ञ तपासतो आणि रुग्णालयातला डॉक्टर पडद्यावरून सल्ला देतो.

डॉ. व्ही 2006 मध्ये गेले. संस्थेपुढचे आजचे अवघड पेशंट मोतीबिंदूचे नाहीत, मधुमेहाचे आणि काचबिंदूचे आहेत. त्यांची पट्टी सुटत नाही, बोटे मोजायची वेळ येत नाही. गेलेली नजर बहुधा परत येत नाही. उपचाराने आहे ती टिकते. चांगले दिसत असताना लेसर का करून घ्यायचा, थेंब जन्मभर का घालायचे, हे पटत नाही आणि माणूस पुढच्या तपासणीला येत नाही. मधुमेहींच्या नेत्रपटलाचे फोटो वाचून धोका ओळखणाऱ्या गूगलच्या संगणकप्रणालीला शिकवण्यात अरविंदचे फोटोही होते. 2016 साली त्यावरचा शोधनिबंध आला. आता यंत्र धोका सांगते. पेशंटला पुन्हा बोलावून आणायचे काम अजून माणसांकडेच आहे.