सभेच्या हाकेचे व्याकरण

सभेचे वा मोर्चाचे आवाहन करणारे एखादे पत्रक हाती घेतले, तर त्याच्या अखेरीस बहुधा एक ठरलेले वाक्य आढळते : ‘हजारोंच्या संख्येने उपस्थित राहावे.’ हे वाक्य इतके अंगवळणी पडले आहे की, त्यातील विसंगती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पत्रक वाचणारा असतो एकटा. आणि एकट्या मनुष्यास हजारोंच्या संख्येने उपस्थित राहणे शक्य नाही. ‘वेळेवर यावे’ ही सूचना प्रत्येकाला स्वतंत्रपणे पाळता येते. ही सूचना मात्र कोणाही एकाला पाळता येत नाही. ‘पांगणे’, ‘एकवटणे’ या क्रियापदांच्या जातीचे हे विधेय आहे. ते समूहाला लागू पडते, व्यक्तीला नव्हे. तरीही ते व्यक्तीला उद्देशून योजले जाते आणि त्याचा परिणामही होतो. तो कशामुळे होतो, हा प्रश्न वरवर शैलीचा वाटला, तरी मुळात तो मन वळविण्याच्या व्यापाराचा आहे.

राजकीय भाषेच्या अभ्यासकांचे लक्ष आजवर आवाहनापेक्षा घोषणेकडे अधिक गेले आहे. रोमान याकोब्सन यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या भाषाविज्ञान व काव्यशास्त्र यांच्या संबंधांवरील निबंधात ‘आय लाइक आइक’ या आयसेनहॉवर यांच्या प्रचारवाक्याचे केलेले विश्लेषण सर्वपरिचित आहे. एका शब्दाचा ध्वनी दुसऱ्याने कसा वेढून टाकला आहे आणि त्यातून आपल्या विषयाला वेढून घेणाऱ्या भावनेचे चित्र कसे उभे राहते, हे त्यांनी दाखविले. मराठीत ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही घोषणा अशाच विश्लेषणास योग्य आहे. त्यात कर्ता नाही. कोणी काय करावे याचा निर्देश नाही. आहे ती केवळ अपरिहार्यता, आणि ‘च’ या एका अव्ययाने तिला दिलेली धार. परंतु घोषणा ही जमलेल्यांसाठी असते. आवाहन हे अद्याप न जमलेल्यांसाठी. दोहोंची कार्ये भिन्न आहेत आणि म्हणून त्यांची रचनाही भिन्न आहे.

घरी बसलेला मनुष्य पुष्कळदा मागणीशी सहमतच असतो. त्याची शंका निराळी असते : इतर लोक येतील काय? मैदानात पन्नास माणसे दिसली तर हसे होईल, आणि पोलिसांच्या नजरेत भरण्याचा संभव अधिक. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ साली या शंकेला एक सुटसुटीत रूप दिले. प्रत्येक मनुष्याचा एक ‘उंबरठा’ असतो. तितके लोक सामील झाले की तो सामील होतो. कोणाचा उंबरठा शून्य, कोणाचा दहा, कोणाचा हजार. हे मान्य केले, तर आवाहनाचे मुख्य काम मागणीची युक्तता पटविणे हे उरत नाही. इतर येत आहेत असा विश्वास निर्माण करणे, हे ते काम होय.

आता ‘हजारोंच्या संख्येने’ या शब्दांचा उलगडा होतो. ते रूपाने विध्यर्थी, पण कार्याने भाकीत आहेत. ‘उद्या हजारो लोक येणार आहेत’ असे विधान केले असते, तर ते खोटे ठरू शकले असते. विनंती मात्र खोटी ठरत नाही. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ च्या हार्वर्ड येथील व्याख्यानांत, सत्यासत्याच्या कसोटीला न लागणाऱ्या परंतु काही कृती घडवून आणणाऱ्या वाक्यांकडे लक्ष वेधले होते. पत्रकाचा लेखक अशा वाक्याच्या आडून एक विधान सुरक्षितपणे आत आणतो. पत्रकाचा आरंभही असाच असतो. ‘शेतकऱ्यांवरील अन्यायाचा निषेध करण्यासाठी’ असे लिहिले की अन्याय झाला हे सिद्ध करण्याची गरज उरत नाही. तो षष्ठी विभक्तीत बसवून गृहीत धरलेला असतो. वाद घालण्याजोगे फारसे काही अशा पत्रकांत नसते. विरोधकाने खोडून काढावे असे एखादे वाक्य शोधू गेल्यास स्थळ आणि वेळ एवढेच हाती लागते.

क्रियापदांची निवडही अभ्यसनीय आहे. ‘सभेला जा’ असे कोणतेही पत्रक म्हणत नाही. कारण ‘जा’ म्हणणारा स्वतः मागे राहतो. ‘या’ म्हणणारा स्थळी आधीच पोहोचलेला, यजमानाच्या भूमिकेत असतो. म्हणूनच ‘या’ आणि ‘यावे’ यांच्या सोबतीला लग्नपत्रिकेतील ‘सहकुटुंब सहपरिवार’ अगदी सहज येऊन बसते. ‘चला’ म्हणणारा बरोबर चालू लागतो. हे रूप आज्ञार्थी द्वितीय पुरुषाचे असले, तरी अर्थाने त्यात बोलणाराही येतो. मराठी पत्रकांत ‘चला’ऐवजी हिंदी ‘चलो’ पुष्कळदा दिसते, ते हिंदीच्या अज्ञानयुक्त अनुकरणामुळे, असे शुद्धतावादी म्हणतील. पण ‘चला’ हे घरातून उठतानाचे, निरोप घेतानाचेही रूप आहे. ‘चलो’ला मात्र १९४३ साली आझाद हिंद सेनेने दिलेल्या ‘चलो दिल्ली’ या हाकेची स्मृती चिकटलेली आहे. ही उसनवारी हेतुपूर्वक आहे.

सर्वांत सूक्ष्म कार्य ‘आपण’ हे सर्वनाम करते. मराठीत श्रोत्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’ असा भेद आहे. गुजरातीत ‘अमे’ व ‘आपणे’, तेलुगूत ‘मेमु’ व ‘मनमु’ हे तसेच भेद होत. हिंदी ‘हम’मध्ये तो नाही. शिवाय मराठी ‘आपण’ आदरार्थी द्वितीय पुरुषीही आहे. त्यामुळे ‘आपण सर्वांनी यायचे आहे’ या वाक्यात आदराने बोलावले जात आहे, की आधीच आपल्यांत धरले जात आहे, हे सांगता येत नाही. वाचकाने होकार देण्यापूर्वीच त्याची गणना झालेली असते. दूरध्वनीवर फिरणाऱ्या आजच्या संदेशांत ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा’ ही ओळ याच्याही पुढे जाते : निमंत्रिताला ती निमंत्रक करते.

येथवरचे विवेचन एका प्रयोगाने अडचणीत येते, आणि ती अडचण टाळून चालणार नाही. हाँगकाँग येथे १ जुलै २०१६ रोजी निघालेल्या लोकशाहीवादी मोर्चाच्या आधी कांतोनी, यांग, युख्टमन व झांग या संशोधकांनी तेथील विद्यापीठीय विद्यार्थ्यांना, इतर किती जण जाणार असे वाटते, हे विचारले. नंतर त्यांच्यांतील यदृच्छया निवडलेल्या काहींना, प्रत्यक्षात किती सहाध्यायी जाण्याच्या विचारात आहेत, हे कळविले. २०१९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष उंबरठ्याच्या कल्पनेच्या विरुद्ध गेला. अपेक्षेपेक्षा अधिक लोक जाणार असे ज्यांना कळले, त्यांचे जाण्याचे प्रमाण घटले. कमी जाणार असे ज्यांना कळले, त्यांचे वाढले. इतके जण जातच आहेत, तर आपल्यावाचून काय अडते, असा विचार त्यांनी केला असावा. दरवर्षी निघणाऱ्या मोर्चाबाबतचा हा अनुभव पहिल्यानेच निघणाऱ्या मोर्चास लागू पडेल असे नाही. पण गर्दीचे भाकीत नेहमी गर्दी वाढवते, हा समज सोडून द्यावा लागतो.

म्हणजे आवाहनाला दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच श्वासात सांगावयाच्या असतात : सगळे येत आहेत, आणि तुझ्यावाचून चालणार नाही. सामान्य पत्रक त्या दोन निरनिराळ्या ओळींत सांगते. एकीत ‘हजारोंच्या संख्येने’, दुसरीत ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय’. ९ ऑगस्ट २०१६ रोजी औरंगाबाद येथून (आजचे छत्रपती संभाजीनगर) सुरू झालेल्या मराठा मूक मोर्चांच्या काळात सर्वत्र दिसलेले ‘एक मराठा, लाख मराठा’ हे वाक्य या दृष्टीने विलक्षण यशस्वी रचना आहे. त्यात क्रियापद नाही, मागणी नाही, बोलावणेही नाही. दोन नामपदे शेजारी ठेवली आहेत, आणि त्यांचा संबंध वाचकानेच जुळवावयाचा आहे : एक हाच लाख आहे, किंवा एकामागे लाख आहेत. पहिल्या अर्थाने एकट्याचे मोल वाढते, दुसऱ्याने त्याची भीती जाते. याच रचनेने कोणाची बेरीज होणार व कोणाची नाही, हेही त्याच दोन शब्दांत ठरते. ‘आपण’मधील संदिग्धतेला येथे जागा नाही, नामाने सीमा आखली आहे.

या विषयाची साधनसामग्री अत्यंत नाशवंत आहे. भाषणे छापली जातात, घोषणा स्मरणात राहतात. पत्रके मात्र सभेच्या दुसऱ्या दिवशी रद्दीत जातात, आणि ध्वनिक्षेपक लावून गल्लोगल्ली फिरणाऱ्या रिक्षातील पुकारा तर कोणी टिपूनही ठेवत नाही. त्या पुकाऱ्यातील स्वराघात, ‘या’मधील स्वराची लांबण आणि स्थळवेळेची पुनरावृत्ती यांचा ध्वनिमुद्रणांच्या आधारे अभ्यास एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास हाती घेण्याजोगा आहे.