कागदावर लिहा, यंत्रात उमटवा : डिजिटल पेनाची ओळख



ऊसनोंद शेतावर हातानं लिहायची आणि तोच मजकूर ऑफिसात बसून पुन्हा कॉम्प्युटरवर चढवायचा, हे दुहेरी काम आपल्या परिचयाचे आहे. चढवताना एक आकडा चुकला तरी तोडणीची पाळी मागंपुढं होते. "लिहितानाच ते यंत्रात जावं, अशी काही सोय नाही का?" असे सभासद विचारतात. अशी सोय जगात वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच निघाली. ती कशी चालते आणि तिच्यावर कितपत विसंबावे, हे येथे थोडक्यात देत आहोत.

प्रथम हातातल्या कॉम्प्युटरविषयी. १९९३ साली अमेरिकेतील ॲपल कंपनीने 'न्यूटन' हे यंत्र काढले. त्याच्या काचेवर लिहिले की यंत्र अक्षर ओळखायचे. पण सुरुवातीला ते इतके चुकले की त्याची थट्टाच झाली. १९९८ साली ते बंद झाले. १९९६ साली आलेल्या 'पाम पायलट'ने उलटी वाट धरली. माणसानेच ठराविक वळणाची अक्षरे शिकायची, बहुतेक अक्षरे एकाच फटकाऱ्यात काढायची. हे चालले. पण एवढ्याशा काचेवर पानभर टिपण लिहिणे काही सुखाचे नव्हते. तेव्हा लिहायचे कागदावर आणि नक्कल यंत्रात पाठवायची, असे पेन पुढे आले.

त्याच्या दोन पद्धती ध्यानात घ्याव्यात.

पहिली आवाजाची. पावसाळ्यात वीज आधी दिसते, गडगडाट मागाहून येतो. मधल्या वेळावरून वीज किती लांब पडली याचा आपण अंदाज बांधतो. हे पेनही तसेच करते. त्यातून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश आणि कानांना न ऐकू येणारा आवाज एकदम निघतो. कागदाच्या वरच्या कडेला लावलेल्या चिमट्यात आवाज टिपणारी दोन ठिकाणे असतात. प्रकाश तत्काळ पोचतो, आवाज मागाहून. त्यावरून दोन्ही ठिकाणांपासूनचे अंतर निघते. दोन खुंट्यांपासून टेप धरून बांधावरचा दगड नक्की करावा, तशी पेनाच्या टोकाची जागा ठरते. या पद्धतीला साधा कागद चालतो. मात्र लिहिताना चिमटा किंवा कागद सरकला की सगळंच सरकतं.

दुसरी पद्धत ठिपक्यांची. ती स्वीडनमधील लुंड गावच्या आनोटो कंपनीची. या पद्धतीचे पेन लॉजिटेक कंपनीने २००२ साली बाजारात आणले. याला खास छापलेला कागद लागतो. त्यावर सुमारे ०.३ मिलिमीटर अंतराने बारीक ठिपके असतात. प्रत्येक ठिपका आपल्या नेमक्या जागेपासून वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे किंचित सरकवलेला असतो. सहा गुणिले सहा, म्हणजे ३६ ठिपक्यांचा तुकडा पाहिला की ती जागा कोणती हे कळते. जमिनीला गट नंबर असतो, तसा जणू कागदाच्या कणाकणाला नंबर दिलेला. त्यामुळे पानावरची जागाच नव्हे, पान कोणते हेही पेनाला समजते.

गंमत अशी की पेनातला कॅमेरा आपले अक्षर पाहतच नाही. ठिपक्यांच्या शाईत कार्बन असतो, पेनाच्या शाईत तो नसतो. म्हणून कॅमेऱ्याला फक्त ठिपके दिसतात. टोक कागदावर दाबले गेले की कॅमेरा सेकंदाला अनेक चित्रे घेतो आणि टोक कुठून कुठे गेले ती वाट साठवतो.

आता मुख्य मुद्दा. पेन साठवते ती रेघांची वाट. त्या रेघांचा आकडा करणे हे निराळे काम. ते कॉम्प्युटर अंदाजाने करतो. आपल्याकडे एकाच कागदावर मराठी व इंग्रजी आकडे मिसळून लिहिण्याची सवय आहे. मराठी ४ हा इंग्रजी आठासारखा दिसतो, मराठी १ हा इंग्रजी नवासारखा. ४० आर क्षेत्राचे ८० आर झाले, किंवा लागणीचा पहिला महिना नववा धरला, तर यंत्र कुरकुर करणार नाही. नोंद बिनबोभाट चुकीची बसेल आणि आडसाली ऊस उभा राहील, नाहीतर कोवळा तुटेल. नुकसान आपले.

आज पुष्कळ कारखान्यांत नोंदी मोबाईलवर होतात. यंत्र कोणतेही असो, पुढील काळजी सभासदांनी घ्यावी :

१) क्षेत्र व लागण तारीख अंकी आणि अक्षरी, दोन्ही लिहून घ्यावी. एका कागदावर एकाच लिपीचे आकडे वापरावेत.

२) सही किंवा अंगठा करण्यापूर्वी नोंद वाचून घ्यावी. वाचता येत नसेल तर घरच्या शिकलेल्या माणसाकडून वाचवून घ्यावी. कोऱ्या कागदावर सही नको.

३) नोंदीची प्रत मागून जपून ठेवावी आणि तोडणीपूर्वी गट ऑफिसात यंत्रातली नोंद तिच्याशी ताडून पाहावी.

या पेनाचा मोठा गुण हाच, की यंत्रात नक्कल जाऊनही शाईचा कागद आपल्या हाती राहतो. वाद पडला तर तोच कामी येतो. सबब तो टाकू नये, ही सर्व सभासदांना आमची आग्रहाची विनंती.