ट्रॅक्टरचे तेल गळते? आधी जागा शोधा!

तुमचा ट्रॅक्टर दहा-बारा वर्षांचा झाला असेल तर सकाळी तो हलवल्यावर खालची जमीन एकदा बघा. काळे डाग दिसतात? "जुनी गाडी आहे, थोडं गळायचंच," असे म्हणून आपण सोडून देतो. पण हिशेब करा. सेकंदाला एक थेंब पडतो आणि वीस-पंचवीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर आठ तासांच्या नांगरटीत लिटर-सव्वा लिटर तेल गेले. चेंबरमध्ये साधारण सहा-आठ लिटरच असते. दोन-तीन दिवस गेज बघितला नाही तर तेलाचा दाब पडतो, बेअरिंग धरते आणि ऐन पेरणीत इंजिन खोलायची वेळ येते. मळणीच्या वेळी तर तापलेल्या सायलेन्सरजवळ तेल आणि भुसकट एकत्र आले की आगीचीच भीती!

तेल जिथे थेंबते तिथूनच गळते असे मात्र नाही. वरून निघालेले तेल इंजिनच्या अंगावरून ओघळते, पंख्याच्या वाऱ्याने मागे सरकते आणि तळाशी थेंब धरते. मग चेंबरचे पॅकिंग बदलले जाते आणि गळती तशीच! म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना डिझेल आणि ब्रशने धुवा. डायनामो, स्टार्टरवर प्लास्टिक बांधा. पुसून पूर्ण वाळू द्या, प्लास्टिक सोडा, अंगाला लावायची पावडर भुरभुरा आणि दहा-पंधरा मिनिटे चालवा. बंद करून वरून खाली बघत या. ओला पट्टा जिथे सुरू होतो, दुखणे तिथे.

बऱ्याचदा ते टॅपेट कव्हरपाशी निघते. कॉर्कचे पॅकिंग उष्णतेने कडक होते, तडकते. इथे आपली मंडळी पाना घेऊन बोल्ट आवळतात. त्याने कॉर्क चिरडतो, पत्र्याची कड वाकते आणि गळती वाढते. जुने पॅकिंग खरवडून काढा, कड सपाट करा, नवे बसवा आणि बोल्ट आलटून पालटून बेतानेच आवळा. चिकट लेप भरमसाट लावू नका. आत सुटलेला तुकडा तेलाच्या जाळीत अडकतो. या पॅकिंगला दिवसभराच्या डिझेलइतकाही खर्च येत नाही.

पॅकिंग बदलूनही पुन्हा गळते? मग ब्रीदर बघा. तो धुळीने चोंदला की आतली हवा कोंडते आणि तेल सीलमधून बाहेर ढकलते. डिझेलमध्ये धुऊन साफ करा. साफ ब्रीदरमधूनही धुराचे जोरदार फुत्कार येत असतील तर रिंगा-लायनर झिजलेत; तिथे नुसती सीले बदलून भागणार नाही. गेजच्या वरच्या खुणेपलीकडे तेल भरले तरीही गळते, बरं का!

इंजिन आणि गिअरबॉक्स जोडतात तिथे खालच्या भोकातून तेल ठिबकत असेल तर बोटावर घेऊन बघा. काळे, पातळ असेल तर इंजिनाचे मागचे सील. पिवळसर, दाट, उग्र वासाचे असेल तर गिअरबॉक्सचे. क्लच घसरू लागला तर थांबू नका. तसे नसेल तर रोज गेज बघत हंगाम काढा. हे काम ट्रॅक्टर मधून सोडवल्याशिवाय होत नाही, तेव्हा उन्हाळी नांगरटी आटोपल्यावर, मृगाच्या आत करून घ्या; आणि गाडी उघडलीच आहे तर फिटरला क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंगही त्याच वेळी तपासायला सांगा.