शोधनिबंधाचा संदर्भ कसा द्यावा?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या आपल्या वस्त्यांतील मुले-मुली आज एम.ए., पीएच.डी.साठी प्रबंध लिहीत आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु प्रबंधाच्या शेवटी येणारी संदर्भसूची पुष्कळदा घाईघाईने, कुठून तरी उतरवून काढली जाते. आम्ही बँकेत काम करणारी माणसे. व्हाउचरवर तारीख आणि खाते क्रमांक बरोबर नसेल, तर रक्कम कितीही खरी असो, नोंद पुढे सरकत नाही. संदर्भाचेही तसेच आहे. त्याने वाचणाऱ्याला नेमक्या पानावर नेऊन सोडले पाहिजे.

उदाहरण बाबासाहेबांच्याच लेखनातून घेऊ. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्यांनी जातिसंस्थेवरील आपला प्रसिद्ध निबंध वाचला. पुढे तो 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात छापून आला. त्याचा संदर्भ असा होईल :

आंबेडकर, भी. रा., 'कास्ट्स इन इंडिया : देअर मेकॅनिझम, जेनेसिस अँड डेव्हलपमेंट', इंडियन अँटिक्वरी, खंड ४६, मे १९१७, पृ. ८१-९५.

आधी लेखकाचे आडनाव. मग निबंधाचे नाव अवतरणचिन्हांत. त्यानंतर नियतकालिकाचे नाव. ते छपाईत तिरप्या टाइपात द्यावे, हाताने लिहिताना खाली रेघ ओढावी. मग खंड, अंक, महिना व वर्ष, आणि शेवटी निबंधाचे पहिले व अखेरचे पान. काही पद्धतींत वर्ष लेखकाच्या नावालगत येते. आपल्या विभागाने जी पद्धत सांगितली असेल तीच पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाळावी.

आता खंड क्रमांकाकडे पाहा. याच निबंधाचा खंड अनेक ठिकाणी ४१ असा छापलेला आढळतो. हे नियतकालिक १८७२ साली सुरू झाले व दर वर्षी एक खंड निघत गेला. त्या हिशेबाने १९१७ चा खंड ४६ वा येतो. ४१ वा येतो १९१२ चा. तेव्हा बाबासाहेब अमेरिकेला गेलेही नव्हते! रोमन आकड्यांत ४६ म्हणजे 'एक्स-एल-व्ही-आय'. त्यातला 'व्ही' गळला की उरतात ४१. एका अक्षराचा हा फरक. पण ४१ वा खंड मागवणाऱ्या विद्यार्थ्याला त्यात हा निबंध सापडणारच नाही. एकाने दुसऱ्याचे पाहून उतरवले की चूक अशीच पिढ्यान् पिढ्या चालते.

म्हणून एक नियम लक्षात ठेवावा : जे पान स्वतः पाहिले, त्याचाच संदर्भ द्यावा. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ साली काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांच्या पहिल्या खंडात हा निबंध आहे. तिथे वाचला असेल तर त्या खंडाचे नाव, वर्ष व पान द्यावे. मूळ अंक पाहिल्याचा देखावा करू नये. मूळ अंक हवाच असेल, तर जुन्या अंकांच्या प्रती आता इंटरनेटवरही पाहायला मिळतात. अडल्यास कल्याणचे सार्वजनिक वाचनालय (स्थापना १८६४) किंवा ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १८९३) येथील ग्रंथपालांना निःसंकोच विचारावे.

आपल्या मुलांच्या प्रबंधावर कोणी बोट ठेवू पाहील, तर ते प्रथम संदर्भावरच ठेवील. विद्यार्थी मित्रांनो, ती जागा पक्की करा. तुमच्या मागून येणारा विद्यार्थी तुमच्याच सूचीवर विसंबून ग्रंथालयाची पायरी चढणार आहे.