गोल कापताना हात जपा

जूचंद्र म्हटले की सभासदांना रांगोळी आठवते. आम्ही मात्र वसई-दिवा मार्गावरच्या या गावी गेलो ते एका सुतार मिस्त्रींकडे, नातवाच्या पांगुळगाड्याची तीन चाके करून घ्यायला.

मिस्त्रींनी खांबाच्या ड्रिलला गोल कापायचे कटर लावले. मधे भोक पाडायचे टोक, बाजूला आडवा दांडा, दांड्याला पाते. वजन एकाच अंगाला, म्हणून वेग वाढला की यंत्र थरथरते. त्यांनी पट्टा सगळ्यांत हळू पुलीवर घेतला, मिनिटाला 500 फेऱ्यांच्या आत. फळी शिकंज्याने टेबलाला आवळली.

आम्ही बोट दाखवायला पुढे झालो तर ओरडले, "हात मागं!" फिरता दांडा डोळ्यांना दिसतच नाही हो! त्यांच्या डाव्या अंगठ्याचे पेर असेच गेले. तेव्हा फळी हाताने धरली होती. हातमोजेही नकोत, गुंततात. पाते बसवण्याआधी प्लग काढायचा, स्क्रू आवळायचे, चकची चावी बाजूला ठेवायची, हाताने एक फेरा देऊन बघायचा.

अर्धी जाडी कापली की फळी उलटायची आणि त्याच मधल्या भोकावरून दुसरी बाजू. कड फाटत नाही.

तिन्ही चाके होईस्तोवर मिस्त्रींनी आम्हाला भिंतीला टेकवूनच ठेवले.