प्रकल्पकार्य आणि संबंधित जन : कर्जत-खालापुरातील कातकरी वाड्यांचे उदाहरण

मराठीत ‘ग्रस्त’ हे उत्तरपद प्रायः आपत्तीच्या नावास जोडले जाते : दुष्काळग्रस्त, पूरग्रस्त, रोगग्रस्त. याच मालिकेत ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द रूढ झाला. लोकहितार्थ म्हणून योजलेल्या कार्याला भाषेने आपत्तींच्या पंक्तीत बसवावे, ही गोष्ट विचारार्ह आहे. व्यवस्थापनशास्त्राला येथे तटस्थ संज्ञा हवी असते. परंतु ‘भागधारक’ या शब्दावर कंपनीच्या समभागांची छाया आहे आणि ‘हितसंबंधी’ या शब्दाला स्वार्थाचा वास येतो. म्हणून प्रस्तुत लेखात ‘संबंधित’ हा साधा शब्द योजिला आहे. कार्याच्या निर्णयाने ज्यांचे बरेवाईट होते, अथवा ज्यांच्या संमतीविरोधावर कार्य तरते वा बुडते, ते सर्व संबंधित होत.

रायगड जिल्ह्याच्या कर्जत व खालापूर तालुक्यांत कातकऱ्यांच्या अनेक वाड्या दुसऱ्याच्या खाजगी जमिनीवर वसलेल्या आहेत. पिढ्यान् पिढ्या राहूनही सातबाऱ्यावर त्यांचे नाव नसते. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, शेतघरांसाठी जमिनीची मागणी वाढली, आणि पायाखालची जमीन जाण्याचे भय तीव्र झाले. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी या प्रश्नाचा अभ्यास कातकऱ्यांना सहभागी करून केला. त्यावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ २०१३ साली प्रसिद्ध झाला. प्रकल्प चालविणाऱ्यास या परिस्थितीतून तीन गोष्टी शिकता येतात.

पहिली गोष्ट संबंधितांच्या यादीची. केवळ नावे लिहून भागत नाही. प्रत्येकाची सत्ता किती, हित किती गुंतलेले, आणि त्याच्या शब्दाला मान्यता किती, हे तिन्ही स्वतंत्रपणे पाहावे लागते. जॅक शेव्हॅलिए व बकल्स यांनी सहभागी संशोधनासाठी मांडलेल्या पद्धतीत हाच विवेक आहे. वाडीच्या प्रश्नात जमीनमालकाकडे सत्ता व हित दोन्ही असतात. तहसीलदाराकडे सत्ता असते, परंतु स्वतःचे हित अल्प. कातकऱ्याचे सर्वस्व गुंतलेले, परंतु सत्ता नगण्य. शिवाय जमीनमालक हाच पुष्कळदा काम देणारा आणि अडीनडीला पैसा देणारा असतो. त्यामुळे ‘विरोधक’ अशी एका शब्दात त्याची गणना केल्यास, उघड भांडणाची किंमत कोणाला मोजावी लागेल हे योजकाच्या ध्यानीच येत नाही.

दुसरी गोष्ट कालाची. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर अथवा कोळसा पाडण्यास जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. आषाढात भातलावणी असते. अनुदानाच्या आर्थिक वर्षानुसार सभा मार्चमध्ये ठेवली, तर वाडीतील वृद्ध तेवढे भेटतात, आणि त्यांची मान्यता हीच ‘ग्रामस्थांची संमती’ म्हणून अहवालात लिहिली जाते. भाषेच्या अभ्यासकासही हे लागू आहे. तरुण वक्ते नसताना घेतलेला नमुना बोलीचे अपुरेच चित्र देतो.

तिसरी गोष्ट नोंदीची. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ च्या सातव्या खंडात कातकरी बोलीचा समावेश आहे. त्या सर्वेक्षणाचे नमुने मुख्यतः सरकारी अधिकाऱ्यांकरवी मागविलेले होते. बोलणारा हा केवळ नमुना पुरविणारा होता. आज वाडीत वही घेऊन गेलेला विद्यार्थी बोलीसाठी घरे मोजत असला, तरी घरमालकास व जमीनमालकास ती मोजणी जमिनीचीच वाटू शकते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ नुसार गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांस आहे. अशा मागणीत वाडीचा नकाशा व वस्तीचा इतिहास यांना मोल येते. म्हणजेच तीच नोंद एका हाती आधार, दुसऱ्या हाती संकट ठरते. म्हणून नोंद कशासाठी, कोण पाहील आणि तिची प्रत वाडीत राहील काय, हे काम आरंभण्यापूर्वीच वाडीच्या बोलीत सांगितले पाहिजे, आणि नकार आल्यास तो स्वीकारला पाहिजे.

तात्पर्य, संबंधितांशी सुसंवाद हे प्रकल्पाच्या अखेरीस जोडावयाचे परिशिष्ट नव्हे. तो आराखड्यातच, वेळापत्रकात आणि वहीच्या पहिल्या पानावर असावा लागतो. तेथे तो नसेल, तर ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द संशोधनप्रकल्पालाही लागू पडेल.